फोनच्या प्रणालीवरचे वाद कसे ऐकावेत आणि ती किती वर्षं साथ देईल हे कसं तपासावं

नोकियाचा एन९ हा फोन २०११ च्या सप्टेंबरमध्ये बाजारात आला तेव्हा परीक्षकांनी त्याचं मनापासून कौतुक केलं. पुढच्या बाजूला एकही बटण नाही, कडेवरून बोट सरकवलं की ॲपमधून बाहेर, आणि मीगो ही नवी प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) अगदी सफाईने चालणारी. ते कौतुक खरं होतं. पण त्याच वर्षी ११ फेब्रुवारीला नोकियाने आपले पुढचे स्मार्टफोन मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोन प्रणालीवर नेणार असल्याचं जाहीर केलं होतं. एन९ दुकानात पोचण्याच्या सात महिने आधीच मीगोचं भवितव्य ठरून गेलं होतं. परीक्षण वाचून ज्यांनी तो घेतला त्यांना फोन उत्तम मिळाला, प्रणाली मात्र वाली नसलेली मिळाली.

प्रणालींच्या चर्चेत नव्याने शिरणाऱ्याने सुरुवातीलाच हे उदाहरण लक्षात ठेवावं. चाहत्यांचे वाद बहुतेक वेळा चिघळतात ते तीन निरनिराळे प्रश्न एकाच दमात विचारल्यामुळे. प्रणाली आज काय काय करते, हा एक. वापरणाऱ्याला ती कशी वाटली, हा दुसरा. आणि पुढे किती वर्षं तिची देखभाल होईल, हा तिसरा. एक जण पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, दुसरा तिसऱ्या प्रश्नावरून त्याला खोडून काढतो, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. म्हणून कुठलाही दावा ऐकला की तो या तिघांपैकी कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे आधी ठरवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच वाटणीवर उभ्या आहेत.

पायरी १ : सुविधांचा दावा नेमका करून घ्या

‘अमुक आवृत्तीत तमुक सुविधा आली’ हे वाक्य अर्धवट असतं. ती तुमच्या मॉडेलवर आली का, हे त्यात सांगितलेलं नसतं. आयओएस १८ हे २०१८ सालच्या आयफोन एक्सआरलाही मिळालं, पण त्याच आवृत्तीसोबत गाजलेलं ॲपल इंटेलिजन्स, म्हणजे ॲपलच्या एआय सुविधांचा संच, चालवायला किमान आयफोन १५ प्रो लागतो. साधा आयफोन १५ सुद्धा त्यातून वगळला गेला. आवृत्तीचा आकडा एकच, हाती लागणारी प्रणाली वेगळी. अँड्रॉइडमध्ये तर प्रत्येक कंपनी मूळ प्रणालीवर आपला थर चढवते, त्यामुळे हा फरक आणखी वाढतो.

दुसरं, सुविधा आज चालते की ‘लवकरच येणार’ आहे? ॲपलने जून २०२४ मध्ये दाखवलेली सिरीची नवी, वैयक्तिक संदर्भ ओळखणारी क्षमता मार्च २०२५ मध्ये पुढे ढकलली गेली. ती येईल या भरवशावर ज्यांनी फोन घेतला त्यांच्या वाट्याला थांबणं आलं. माझा नियम कडक आहे. जी सुविधा आज फोनमध्ये उघडून दाखवता येत नाही, ती खरेदीचा निर्णय घेताना शून्य धरावी.

तिसरी बाब हल्लीच महत्त्वाची झाली आहे. सुविधा फोनच्या आत चालते की कंपनीच्या सर्व्हरवर? सर्व्हरवरची सुविधा उद्या सशुल्क होऊ शकते, बंदही होऊ शकते. सॅमसंगने २०२४ च्या जानेवारीत गॅलेक्सी एआय हा आपल्या एआय सुविधांचा संच आणला तेव्हा तळटीपेत तो २०२५ अखेरपर्यंत विनामूल्य असल्याचं लिहिलं होतं. वादात ठामपणे बोलणारे बरेच जण तळटिपा वाचत नाहीत. तुम्ही वाचा.

पायरी २ : परीक्षणाची तारीख आणि वापराचा काळ पाहा

बहुतेक परीक्षणं फोन हातात आल्यापासून आठवडाभरात लिहिली जातात. त्यातून पडदा, कॅमेरा, आवाज, हाताळणी, वेग यांबद्दल विश्वासार्ह माहिती मिळते. बॅटरी दोन वर्षांनी कशी असेल, तिसऱ्या मोठ्या अपडेटनंतर कीबोर्ड उघडायला वेळ लागेल का, हे त्या परीक्षकाला माहीत असणंच शक्य नाही. तो दोष त्याचा नव्हे, पण तुम्ही त्या परीक्षणावर भविष्याचा भार टाकू नका.

म्हणून दोन परीक्षणं वाचण्याची सवय लावा. एक प्रकाशनाच्या वेळचं, दुसरं वर्ष-दोन वर्षांनी लिहिलेलं. दुसरं मिळालं नाही तर त्याच फोनच्या आधीच्या पिढीचं दीर्घ वापरानंतरचं परीक्षण शोधा.

अपडेटमुळे जुना फोन मंदावतो की सुधारतो, हा तर न संपणारा वाद. इतिहासात दोन्ही बाजूंना आधार आहे. २०१० मध्ये आयफोन ३जी वर आयओएस ४ टाकलं आणि तो फोन वापरणं नकोसं झालं. २०१८ च्या आयओएस १२ ने मात्र जुन्या उपकरणांचा वेग वाढवण्यावरच भर दिला आणि २०१३ च्या आयफोन ५एसलाही त्याचा फायदा झाला. मधली एक घटना आणखी बोलकी आहे. २०१७ च्या सुरुवातीच्या आयओएस १०.२.१ पासून जीर्ण बॅटरी असलेल्या काही आयफोनांचा वेग फोन अचानक बंद पडू नये म्हणून कमी केला जात होता, हे ॲपलने त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये मान्य केलं. बॅटरी बदलल्यावर वेग परत येत असे. तेव्हा ‘अपडेटने फोन बिघडला’ असं कोणी म्हटलं तर बॅटरीची अवस्था विचारा, साठवणीत किती जागा मोकळी होती तेही विचारा. या दोन उत्तरांवर निम्मे वाद मिटतात.

पायरी ३ : ‘सात वर्षांची साथ’ उकलून पाहा

इथे सावकाश जाऊ, कारण नवखे सर्वांत जास्त इथेच फसतात आणि जाहिरातीही इथेच सर्वांत ढोबळ असतात.

‘अपडेट’ या एका शब्दाखाली तीन गोष्टी येतात. प्रणालीची नवी मोठी आवृत्ती, सुरक्षेच्या दुरुस्त्या, आणि कंपनीच्या स्वतःच्या ॲप व सेवांचे बदल. यांची मुदत एकसारखी असेलच असं नाही. गूगलने पिक्सेल ६ आणला तेव्हा नव्या आवृत्त्या तीन वर्षं आणि सुरक्षा दुरुस्त्या पाच वर्षं असं आश्वासन होतं. नव्या आवृत्त्यांची मुदत पुढे पाच वर्षांपर्यंत वाढवली गेली. पिक्सेल ८ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२३ पासून, दोन्ही सात वर्षं. सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ साठी सात पिढ्यांच्या आवृत्त्या आणि सात वर्षांची सुरक्षा जाहीर केली. पण याच कंपन्यांच्या स्वस्त मॉडेलांना हेच आश्वासन लागू होतं असं गृहीत धरू नका. आश्वासन ब्रँडचं नसतं, मॉडेलचं असतं. तुमच्या मॉडेलचं नाव यादीत स्वतः शोधा.

मग मोजणी कुठून सुरू होते ते पाहा. बहुतेक कंपन्या मॉडेल पहिल्यांदा विक्रीला आलं त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतलं त्या दिवसापासून नाही. पिक्सेल ८ ची मुदत ऑक्टोबर २०३० पर्यंत. तो २०२३ मध्ये घेणाऱ्याला सात वर्षं मिळाली, २०२६ मध्ये घेणाऱ्याला जेमतेम चार. सवलतीत मिळणाऱ्या मागच्या पिढीच्या फोनची खरी किंमत काढायची तर उरलेल्या वर्षांनी भागून पाहा. बऱ्याचदा सवलत तिथेच विरघळते. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांत मोजणी वेगळी आहे. तिथे पाच वर्षं त्या मॉडेलचं शेवटचं नग बाजारात आणणं थांबल्यापासून धरली जातात. ग्राहकाच्या बाजूने पाहता मला ही पद्धत जास्त न्याय्य वाटते. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सुरक्षा अपडेटची किमान मुदत जाहीर करणं उत्पादकांना बंधनकारक झालं. त्यामुळे जी कंपनी एरवी मुदतीबद्दल फारसं बोलत नाही तिचाही लेखी आकडा शोधला तर सापडतो. आयफोन १५ प्रो मॅक्ससाठी ॲपलने तिथे किमान पाच वर्षं लिहून दिली. प्रत्यक्षात ॲपल अनेकदा याहून जास्त देत आली आहे. आयफोन ५एसला तर जानेवारी २०२३ मध्येही सुरक्षा दुरुस्ती मिळाली, म्हणजे फोन आल्यानंतर नऊ वर्षांनी. लेखी हमी आणि प्रत्यक्ष वागणूक या दोन रकान्यांत माहिती लिहिली की ‘कोण जास्त साथ देतं’ या वादाचा पाया पक्का होतो.

आता वारंवारता. वर्षातून एकदा सुरक्षा दुरुस्ती देऊनही ‘आम्ही पाच वर्षं अपडेट दिली’ असं म्हणता येतं. स्टेजफ्राइट या अँड्रॉइडमधल्या त्रुटीने २०१५ मध्ये खळबळ उडवल्यावर त्या वर्षीच्या ऑगस्टपासून अँड्रॉइडची सुरक्षा पत्रकं (दुरुस्त्यांच्या याद्या) दर महिन्याला निघू लागली. पण पत्रक निघालं म्हणजे दुरुस्ती तुमच्या फोनवर पोचली असं होत नाही. सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ आणि मग अँड्रॉइड आवृत्ती उघडा. तिथे सुरक्षा पॅचची, म्हणजे शेवटच्या सुरक्षा दुरुस्तीची, तारीख दिसते. महिना तर पाहाच, दिवसही पाहा. १ तारखेच्या पातळीत अँड्रॉइडच्या मूळ चौकटीतल्या दुरुस्त्या येतात, ५ तारखेच्या पातळीत त्यांच्या जोडीला कर्नल (प्रणालीचा हार्डवेअरशी बोलणारा गाभा) आणि चिप उत्पादकांच्या घटकांतल्याही. जो माणूस वादात ‘माझा फोन एकदम अद्ययावत आहे’ म्हणतो त्याला ही तारीख वाचून दाखवायला सांगा. बहुतेकांनी ती कधी पाहिलेली नसते.

मला सर्वांत खात्रीची वाटणारी चाचणी जरा कंटाळवाणी आहे, पण ती कराच. तुम्हाला जो फोन घ्यायचा आहे त्याच कंपनीचं, त्याच किंमत-पातळीचं दोन-तीन वर्षांपूर्वीचं मॉडेल निवडा. त्याला आज कुठली आवृत्ती मिळाली आहे, शेवटचा सुरक्षा पॅच कोणत्या महिन्याचा आहे, आणि गूगलने नवी आवृत्ती आणल्यावर त्या फोनवर यायला किती महिने लागले, या तीन नोंदी काढा. प्रकाशन सोहळ्यात दिलेल्या शब्दापेक्षा या तीन नोंदी पुढचं चित्र जास्त खरं सांगतात.

पायरी ४ : चिप कोणाची आहे ते विचारा

कंपनीची इच्छा असूनही अपडेट थांबतं तेव्हा कारण अनेकदा चिपमध्ये असतं. कॅमेरा, मोडेम, ग्राफिक्स हे सगळं चालवणारे ड्रायव्हर चिप बनवणारी कंपनी देते आणि त्यांतला मोठा भाग बंदिस्त असतो. प्रणालीची नवी आवृत्ती आली की हे ड्रायव्हरही जुळवून घ्यावे लागतात. चिपवाल्याने हात वर केले की फोनवाल्याकडे फारसं काही उरत नाही.

गॅलेक्सी नेक्सस हा २०११ च्या अखेरीस आलेला, गूगलच्या स्वतःच्या नावाने विकला गेलेला फोन. दोन वर्षांनी अँड्रॉइड ४.४ आलं तेव्हा त्याला ते मिळालं नाही. गूगलने १८ महिन्यांची मुदत उलटल्याचं सांगितलं. पण त्यात चिप होती टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची, आणि ती कंपनी २०१२ मध्येच फोनच्या चिपच्या धंद्यातून बाहेर पडली होती, हेही विसरता येत नाही.

हे ओळखून गूगलने २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ सोबत प्रोजेक्ट ट्रेबल आणलं. प्रणालीचा भाग आणि चिप उत्पादकाचा भाग यांच्यात ठरलेली सीमा आखली, म्हणजे एक बदलताना दुसरा उकरावा लागू नये. २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये प्रोजेक्ट मेनलाइन आलं, आणि प्रणालीचे काही घटक फोन कंपनीची वाट न पाहता थेट गूगलकडून बदलता येऊ लागले. आजच्या लांब मुदतींमागे ही तांत्रिक कामं आहेत, तसंच चिप उत्पादकांनी वाढवलेली साथही आहे. फेअरफोन या डच कंपनीने आपल्या २०२३ च्या फेअरफोन ५ मध्ये मुद्दाम क्वालकॉमची क्यूसीएम६४९० ही औद्योगिक उपकरणांसाठी असलेली चिप घातली, कारण तिला फोनच्या नेहमीच्या चिपपेक्षा दीर्घ साथ मिळते. त्या बळावर कंपनी २०३१ पर्यंतचा शब्द देऊ शकली. वेगाच्या तक्त्यात ती चिप मागे पडते म्हणून अनेकांनी नाकं मुरडली. मला मात्र तो निर्णय त्या वर्षातल्या सर्वांत विचारी निर्णयांपैकी वाटतो.

पायरी ५ : ॲप कुठे चालली आहेत ते पाहा

प्रणालीचा शेवट दरवेळी कंपनीच्या घोषणेनेच होतो असं नाही. अनेकदा ॲप बनवणारे आधी निघून जातात, घोषणा नंतर येते. विंडोज फोनची मांडणी सुंदर होती, साध्या हार्डवेअरवरही ती चपळ चालायची, परीक्षणं चांगली होती. पण इन्स्टाग्राम तिथे २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये कसंबसं पोचलं, तेही चाचणी आवृत्ती म्हणून. यूट्यूबचं ॲप मायक्रोसॉफ्टने स्वतः बनवलं, तर गूगलने ते त्याच वर्षी रोखलं. वापरणारे कमी म्हणून ॲप नाहीत, ॲप नाहीत म्हणून वापरणारे कमी, हे चक्र कोणालाच थांबवता आलं नाही. त्यात मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या ग्राहकांनाही मध्येच सोडलं. नोकियाचा लुमिया ९०० एप्रिल २०१२ मध्ये विक्रीला आला आणि जूनमध्ये जाहीर झालं की विंडोज फोन ८ जुन्या फोनांना मिळणार नाही, कारण नव्या आवृत्तीचा कर्नलच वेगळा. व्हॉट्सॲपने ३१ डिसेंबर २०१९ ला विंडोज फोनची साथ सोडली.

म्हणून एखादी छोटी किंवा नवी प्रणाली आवडली तर रोज लागणाऱ्या सेवांची यादी करा: संदेश, पैशांचे व्यवहार, नकाशे, ब्राउझर, कामाच्या ठिकाणचं ॲप. प्रत्येक ॲप तिथे आहे का एवढंच पाहू नका, त्याचं शेवटचं अपडेट कधीचं आहे ते पाहा. वर्षभर न हललेलं ॲप म्हणजे तिथला विकासक केव्हाच उठून गेला आहे. हुआवेवर मे २०१९ मध्ये अमेरिकेचे निर्बंध आल्यावर तिचे नवे फोन गूगल सेवांशिवाय निघू लागले. तिथून पुढे तिने हार्मनीओएस या आपल्या प्रणालीची अशी आवृत्ती घडवली जिच्यात अँड्रॉइडची ॲप थेट चालतच नाहीत. तिचं मूल्यमापन करतानाही प्रश्न हाच. माझी ॲप तिथे आहेत का, आणि ती ताजी आहेत का?

पायरी ६ : ‘कंपनीने सोडलं तर कस्टम रॉम टाकू’

हा युक्तिवाद तुम्हाला वारंवार ऐकू येईल. कस्टम रॉम म्हणजे कंपनीच्या प्रणालीच्या जागी टाकता येणारी, बहुधा स्वयंसेवकांनी बनवलेली प्रणाली. स्वयंसेवकांच्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. सायनोजेनमॉड ही अँड्रॉइडवर आधारलेली रॉम डिसेंबर २०१६ मध्ये बंद पडली आणि लगेच तिच्या जागी लिनिएजओएस उभी राहिली. कॅनॉनिकल कंपनीने एप्रिल २०१७ मध्ये उबंटू टच ही आपली फोन प्रणाली सोडली, तर यूबीपोर्ट्स या गटाने ती आजवर जिवंत ठेवली आहे. मीगोवर काम केलेल्या मंडळींनी जोला कंपनी काढून सेलफिश ओएस घडवलं. हजारो फोन या लोकांमुळे कचऱ्यात जायचे वाचले.

तरीही फोन घेताना हा पर्याय हमी म्हणून धरू नये. तुमच्या मॉडेलचा बूटलोडर (फोन सुरू होताना प्रणाली चढवणारा, कुलूपबंद असलेला प्रोग्राम) कंपनी उघडू देते का, हे आधी पाहावं लागतं. अनेक कंपन्या देत नाहीत. उघडल्यावर पैशांच्या व्यवहाराची काही ॲप चालायचं नाकारतात, कारण ती प्रणाली मूळ स्वरूपात आहे का हे तपासतात. शिवाय चिपच्या आतलं बंदिस्त फर्मवेअर, म्हणजे चिपचं स्वतःचं सॉफ्टवेअर, स्वयंसेवकांना दुरुस्त करता येत नाही. अँड्रॉइडची आवृत्ती नवी दिसते, मोडेममधली त्रुटी तशीच राहते. ग्राफीनओएस हा सुरक्षेवर भर देणारा प्रकल्प आजवर पिक्सेल फोनांपुरता मर्यादित राहिला आहे, आणि मूळ कंपनीची साथ संपलेल्या मॉडेलांना तो पूर्ण सुरक्षित मानत नाही. जाणकार माणसंच एवढी सावध असतील तर नवख्याने तरी घाई का करावी? हौस असेल तर दुसऱ्या, जुन्या फोनवर प्रयोग करा. त्यातून शिकायला भरपूर मिळतं.

पायरी ७ : वादात स्वतः बोलताना

मॉडेल, आवृत्ती, पॅचची तारीख आणि किती काळ वापरला, हे चार तपशील आधी सांगा आणि मग मत मांडा. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणा. समोरच्याने दुसऱ्या प्रणालीचा अनुभव सांगितला तर त्याचा फोन कुठल्या पातळीचा होता ते विचारा. महागड्या आयफोनची तुलना सर्वांत स्वस्त अँड्रॉइडशी केली की निष्कर्ष आधीच ठरलेला असतो. आणि कंपनी टिकेल का हा प्रश्न विचारायला कचरू नका. एलजीने ५ एप्रिल २०२१ ला फोनचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. राहिलेली काही अपडेट तिने दिली, पण अपडेट पुरवणारी सेवा ३० जून २०२५ ला थांबली. एचपीने तर वेबओएस या आपल्या प्रणालीवर चालणारा टचपॅड हा टॅब्लेट बाजारात आणून दोन महिने व्हायच्या आत, १८ ऑगस्ट २०११ ला, त्या प्रणालीची उपकरणं बंद करत असल्याचं जाहीर केलं.

पायरी ८ : घेतल्याच्या दिवशीच शेवटची तारीख नोंदवा

फोन निवडून झाला की त्याच्या सुरक्षा दुरुस्त्यांची लेखी मुदत कॅलेंडरमध्ये टाका आणि सहा महिने आधीची एक आठवण लावा. ती आठवण वाजली की क्रम असा ठेवा. सर्वांत आधी पैशांचे व्यवहार नव्या फोनवर न्या. त्यानंतर दुहेरी पडताळणीचे कोड देणारं ॲप हलवा आणि जुन्यावरून ते काढण्याआधी प्रत्येक खात्यात एकदा शिरून पाहा. हे चुकलं तर खात्याबाहेर अडकायला होतं. मग संदेशांची प्रत घ्या. एका प्रणालीतून दुसरीत जात असाल तर ही प्रत तिकडे उघडते का ते जुना फोन हातात असतानाच तपासा. छायाचित्रं आणि कागदपत्रं शेवटी हलवली तरी चालतात.

जुना फोन लगेच टाकून द्यायची गरज नाही. गाणी ऐकायला, घड्याळ म्हणून, प्रयोगासाठी तो चालेल. त्यावर महत्त्वाची खाती मात्र ठेवू नका. एक अपवाद मनात असू द्या. ब्लॅकबेरीने ४ जानेवारी २०२२ ला ब्लॅकबेरी १० आणि त्याआधीच्या प्रणालींच्या सेवा थांबवल्या, तेव्हा त्या फोनांवर साधे कॉल, संदेश आणि आपत्कालीन क्रमांकही खात्रीने चालतील असं सांगता येत नाही, असं कंपनीनेच कळवलं होतं. तुमच्या प्रणालीबाबत अशी सूचना आली तर तो फोन घरातल्या वयस्कर माणसाला ‘फक्त बोलण्यापुरता’ म्हणून देऊ नका.